लहानपणापासून आहे का?

हे सलग असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. एक तुकडा एकाला, दुसरा तुकडा दुसऱ्याला — तोही अलीकडे, अगदीच गळ्याशी आल्यावर. पण पहिल्यापासून, मधलं काही न गाळता? नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हाही नाही. तिथं मी दरवेळी दुसरंच काहीतरी मागून परत आलो.

लिहायला बसलो की उठावंसं वाटतं. आत्ताच दोनदा गॅलरीत जाऊन आलो. खाली भोसरीचा रस्ता, वर्कशॉप सुटल्याची गर्दी, शेअर रिक्षावाल्यांची ओरड. त्यात नवीन काय बघायचंय? काहीच नाही. पन्नाशी उलटली माझी, आणि एक वाक्य लिहायचं म्हणून मी गॅलरीत पळतोय. सांगतो. पण मला थोडं आजूबाजूनं येऊ द्या — एकदम तिथं जायची हिंमत अजून होत नाही.

मला एक बहीण आहे, शोभा. माझ्यापेक्षा बरीच लहान. काळेवाडीत राहते. तिचे यजमान बालाजी — मी त्यांना दाजी म्हणतो — हिंजवडीच्या आयटीतल्या पोरापोरींना नेणारी-आणणारी गाडी चालवतात. आम्ही सगळे मूळचे लातूरकडचे. पोटासाठी इकडं आलो आणि इकडचेच झालो. शोभा चाकणला एका कारखान्यात होती. गाडीच्या आत ज्या वायरींच्या जुड्या असतात ना, त्या बांधायच्या लाइनवर. काम हलकं, बायकांचं, असं म्हणतात. पण सगळं उभ्यानं. अख्खी शिफ्ट उभ्यानं.

चाळिशीनंतर तिचा डावा पाय दमायला लागला. 'दुखत नाही रे दादा,' ती म्हणायची, 'पाय संपतो. दुपारपर्यंत असतो, मग संपतो.' कंपनीच्या बसची पहिली पायरी उंच. ती एका हातानं दांडा धरायची आणि दुसऱ्या हातानं स्वतःचाच पाय उचलून पायरीवर ठेवायची, एखादी पिशवी ठेवावी तसा. मागं उभ्या बायका चेष्टा करायच्या — 'शोभाताई, पालखी मागवू का?' तीही हसायची. लाइनवरचा सुपरवायझर मात्र हसत नव्हता. लाइन कुणासाठी थांबत नाही, एवढंच म्हणायचा.

कंपनीच्या ऑफिसातली एक पोरगी भली होती. तिनं शोभाला सांगितलं, काकू, अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा. चाळीस टक्के किंवा वर असेल तर तपासणीच्या टेबलावर तुम्हाला घेता येईल. तिथं बसून काम आहे. स्टूल आहे.

एवढीच गोष्ट होती हो. एक स्टूल.

शोभा एकटीच सरकारी दवाखान्यात गेली, डॉक्टरांच्या मंडळापुढं. त्यांनी पाय ओढून बघितला, वाकवून बघितला, गुडघ्यावर ठोकून बघितलं. मग म्हणाले, 'चालून दाखवा, ताई.' आणि ती चालली. इतकी छान चालली की त्यांनी चाळीसच्या पुष्कळ आत टक्के लिहिले आणि पुढं लिहिलं — तात्पुरतं. व्यायाम करा, वजन सांभाळा.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी आहे का? पाय दाखवायला गेली आणि नीट चालून दाखवलं? तिनं मुद्दाम नाही केलं. समोर चार माणसं बसलेली असली आणि त्यातल्या कुणी 'चालून दाखव' म्हटलं, की तिचं अंग आपोआप तसं चालतं. कंबर ताठ, पाऊल मोजकं, टाच किंचित उचललेली. ते अंगात भिनलंय. आणि ते मी भिनवलंय.

आता हे सांगावं लागेल.

शोभा दोन-अडीच वर्षांची असताना तिला ताप आला. मी चौथीत होतो, मला स्वच्छ आठवतं. ताप उतरला आणि डावा पाय अंथरुणावर तसाच पडून राहिला, ओल्या कपड्यासारखा. आईनं मालिश केली, वडिलांनी तालुक्याला नेलं, जो जे सांगेल ते केलं. हळूहळू पायात जीव आला, पुष्कळसा आला. शाळेत जाऊ लागली, बरोबरीच्या पोरींमागं पळू लागली. फक्त पोटरी बारीक राहिली, पाय बोटभर आखूड, आणि चालताना कंबर डावीकडं खचायची. गल्लीतली पोरं 'लंगडी' म्हणायची. मी त्यांना धरून मारायचो. म्हणजे बघा, मी चांगला भाऊ होतो. हेच तर सांगायला अवघड जातं.

वडील गेले, मागोमाग आई गेली. तोपर्यंत मी भोसरीत एका वर्कशॉपला लागलो होतो. शोभाचं लग्न माझ्यावर आलं. दोन स्थळं आली आणि पाय बघून गेली. दुसऱ्या वेळी मुलाचा मामा आमच्या अंगणात उभा राहून, ती आत ऐकतेय हे माहीत असताना, म्हणाला, 'बाजारात शेळी घेताना बी चालवून बघतेत, राव.' लोक हसले. मीही हसलो. पाहुण्यांपुढं आणखी काय करतात? पण तो हसलेला आवाज माझ्या कानातून गेला नाही, आणि मी ठरवलं की आता पुन्हा कुणी हसणार नाही.

मशीनचा एक पाय खाली बसला की आम्ही त्याच्याखाली रबराचं पॅकिंग सरकवतो. मशीन लेव्हलला येतं. तसलाच एक तुकडा मी दिवाळीच्या सुट्टीत गावी नेला. तिच्या डाव्या चपलेत, दोन तळव्यांच्या मधे, बाहेरून दिसणार नाही असा शिवून घेतला. आणि अंगणात चुन्याची रेघ ओढली. त्या रेघेवरून तिला चालवायला लागलो. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्यानं भरलेले कप. 'कंबर हलली.' 'पुन्हा.' 'हळू चाल, घाई केलीस की दिसतं.' घरात चप्पल नसते, तेव्हा डावी टाच उचलून धरायची. साडी पार बोटांपर्यंत सोडायची. माझ्या हातात शेवरीची काडी असायची. कंबर खचली की ती मी तिच्या पोटरीवर — जोरात नाही. जोरात नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला म्हणत आलोय. पण जोरात होती की नव्हती, हे मी कसं ठरवणार? पोटरी तिची होती.

ती रडली का, असं विचाराल. नाही रडली. एकदाच म्हणाली, 'दादा, असं जन्मभर चालायचं का?' मी म्हटलं, 'लग्न होईपर्यंत.'

मग दाजींचं स्थळ आलं. त्यांची आत्या म्हणाली, 'चालून दाखव गं माय.' शोभा चहाचा ट्रे घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कपातला चहा हलला नाही. आत्या खूश. 'काय वळण लावलंय! आताच्या पोरी भुई दणाणत चालतेत. ही बघा कशी सावकाश.' कुणीतरी विचारलं, काही दुखणं-खुपणं? मी म्हटलं, काही नाही. लग्न ठरलं.

खोटं एकदा सांगून भागत नाही. त्याला पुढं जेवू-खाऊ घालावं लागतं. पहिल्या बाळंतपणानंतर शोभाला ती चाल जमेना, कंबर खचायला लागली, घरात सगळ्यांच्या लक्षात आलं. मी भेटायला गेलो होतो. सासूबाई घाबरून विचारायला लागल्या, असं कशानं झालं? शोभानं माझ्याकडं बघितलं. आणि मीच म्हटलं — बाळंतपणात पायावरून वारं गेलं असेल. लवकर उठली असेल कामाला. सहज म्हटलं हो! सुचलं ते म्हटलं. पण सासूबाईंनीच तिला सव्वा महिना व्हायच्या आधी चुलीपुढं बसवलं होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. पुढं पाय सावरला, शोभानं चार माणसांत ती चाल पुन्हा धरली, तरी त्या जिवंत होत्या तोवर तिचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायच्या आणि म्हणायच्या, 'माज्यामुळं झालं गं माय.' मी कैकदा समोर बसलेला असायचो. चहा पीत.

ते तेल, ती मांडी — नाही, थांबा. मी पुन्हा वाट लांबवतोय.

मंडळाच्या त्या निकालावर अपील करता येतं, हे शोभाला ऑफिसातल्या त्याच पोरीनं सांगितलं. मोठ्या दवाखान्यात दुसरं मंडळ बसतं, ते पुन्हा तपासतात. शोभा एका रविवारी माझ्या घरी आली. माझी बायको मंदिरात गेली होती. शोभानं बसल्या बसल्या चपलेचा पट्टा चाचपत सांगितलं, 'दादा, आता मी सगळं सांगणार आहे. तो ताप, सगळं. पण मला काहीच आठवत नाही रे, मी एवढीशी होते. आई-बाबा नाहीत. बघितलेला तूच एक आहेस. तू चल. तुझ्या तोंडून सांग.'

मी म्हटलं, सांगतो.

तिनं विचारलं, 'नक्की?'

मी म्हटलं, वेडी आहेस का, नक्की म्हणजे काय.

त्यानंतर काहीच दिवसांत माझ्या मुलीला, स्नेहलला, मागणी आली. दाजींच्या चुलतभावाच्या घरातून. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली. दाजीच मधे होते. त्या घरातल्या थोरल्या काकू बोलता बोलता म्हणाल्या होत्या, 'आमच्याकडं हुंडा-बिंडा काही नाही, फक्त माणूस खरं पाहिजे.' हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून सांगायचं असतं तर पहिल्याच ओळीत सांगितलं असतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात काय काय होतं, त्यात हे होतं, म्हणून सांगतो. आणि खरं तर त्याहीपेक्षा मोठं दुसरं होतं — दाजी माझ्याकडं बघून काय म्हणतील. एवढ्या वर्षांचा मान. त्यांच्या घरात मी गेलो की खुर्ची रिकामी करतात. ती खुर्ची.

अपिलाच्या दिवशी आम्ही दोघंच जाणार होतो. सकाळी बघतो तर खाली दाजींची गाडी. सुट्टी टाकून आले होते. 'म्हटलं पाव्हण्यांना कशाला बसचे धक्के.' शोभा मागं बसली होती. आरशातून माझ्याकडं बघत होती. सबंध रस्ताभर मी मनात म्हणत होतो, दवाखान्यात दाजींना पार्किंग मिळू नये. मिळालं.

आत आम्ही तिघंही गेलो. मंडळात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शोभाची पोटरी दोन्ही हातात धरून बघितली. मग दुसरी. परत पहिली. घाई अजिबात नाही. शोभाला त्यांनी चालायला सांगितलं. शोभा तशीच चालली, आपलं ते जुनं चालणं. पण बाई फसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं वळून विचारलं, तुम्ही मोठे भाऊ ना? मला सांगा, हिला लहानपणी कधी ताप येऊन पाय लुळा पडला होता का? पोलिओसारखं काही? कधी कधी पाय सुधारतो, माणूस विसरूनही जातो, आणि मग चाळिशीनंतर तोच पाय पुन्हा हरायला लागतो. तसं असेल तर हे तात्पुरतं नाही. नीट आठवा. घरच्या माणसानं सांगितल्याशिवाय मला तसं लिहिता येणार नाही. लहानपणापासून आहे का?

माझ्या डाव्या हाताला दाजी उभे होते. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

मी म्हटलं, 'नाही. तसं काही नव्हतं.'

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. तुम्हाला हे कळावं म्हणून लिहितोय. मला कुणी पुढचं विचारलं नव्हतं. तरी मी म्हटलं, 'उलट लई उनाड होती. झाडावर चढायची.'

बाईंनी शोभाकडं बघितलं. 'ताई?'

शोभा माझ्याकडं बघत होती. रागानं? नाही. त्या बघण्याला काय म्हणू? अंगणात, रेघेच्या टोकाला पोचल्यावर ती जशी वळून बघायची — बरोबर झालं का? — तसं काहीसं. मग म्हणाली, 'दादा म्हणतोय तसंच. मला कुठलं आठवतंय.'

हे ते वाक्य. नाही. तसं काही नव्हतं. लिहून झालं. मघापासून ज्याच्यासाठी उठत-बसत होतो, ते एवढंसं आहे.

बाहेर आल्यावर दाजींनी टपरीवर चहा घेतला. ते खुशीत होते, कारण बायकोला मोठं काही नाही असंच डॉक्टरांच्या बोलण्यावरून त्यांना वाटलं. 'चला,' म्हणाले, 'बायको धडधाकट आहे हे सरकारनं लिहून दिलं. आता माहेरी गेली तर परत घेणार नाही, पाव्हणं.' मी हसलो. शोभाही हसली. तिनं कप धरला होता, आणि दुसरा हात टपरीच्या पत्र्याला टेकला होता.

अपील फेटाळलं गेलं. तपासणीच्या टेबलावर दुसरी कुणीतरी बसली. शोभा लाइनवर परत उभी राहिली.

मी दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन त्या डॉक्टरीणबाईंना सांगू शकलो नसतो का? शकलो असतो. दाजींना त्या खोलीतच 'जरा बाहेर थांबता का' म्हणू शकलो असतो. स्नेहलचं लग्न झाल्यावर तरी? लग्न झालं, थाटात झालं. शोभा करवल्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी होती; कुणी खुर्ची दिली तर 'असू दे' म्हणायची. त्यानंतरही वर्ष गेलं, आणखी गेली. प्रत्येक दिवस हा सांगायचा दिवस होता. माझं काम क्वालिटीचं आहे. भोसरीत दिवसभर खुर्चीवर बसून मी दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजतो आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला टाकतो. संध्याकाळी घरी येतो. जेवतो. झोप लागते, हेही सांगतो. झोप लागत होती.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. मला वाटत होतं, मी तिचं स्टूल घालवलं. पण मी त्याहून जास्त काही घालवलं. एकदा मी काळेवाडीला गेलो होतो. शोभा भाजी घेऊन येत होती आणि जिन्यात मधेच बसली. उठेना. दाजी वरून वैतागून म्हणाले, 'काय हे रोजचं नाटक? डॉक्टर म्हणतेत काही नाही. तुझा सख्खा भाऊ म्हणतो काही नाही. मग तुलाच काय एवढं होतंय?' दाजी वाईट माणूस नाहीत. तिला कधी टाकून बोलणारे नव्हते. त्यांनी फक्त माझा शब्द खरा मानला होता. शोभानं पिशवी वर सरकवली, कठडा धरला आणि उठली. मी तिच्या मागं दोन पायऱ्यांवर होतो. म्हटलं, 'दाजी, असू द्या.' असू द्या! हे माझं बोलणं.

गेल्या पावसाळ्यानंतर ती कंपनीच्या बसमधून उतरताना पडली. हाड मोडलं नाही, पण पाय उचलायचाच थांबला. कंपनीतलं तिचं कामाचं कंत्राट संपलं होतं. नवीन झालं नाही. घरात वॉकर आला. दाजी मला न्यायला भोसरीला आले होते, तिला भेटायला. गाडी सिग्नलला उभी होती, आणि ते समोर बघतच म्हणाले, 'पाव्हणं, मला कळंना झालंय. धडधाकट बाई. आमी काय पाप केलं?'

'आमी' म्हणाले ते. तेव्हा मी सांगितलं. ताप, पॅकिंग, रेघ, ट्रे. बाळंतपणाचं. दवाखान्यातलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटत होतं, मारतील. मारावं, असंही वाटत होतं — तेवढ्यात सुटलो असतो. त्यांनी एकच विचारलं.

'माजी आई सोताला दोष देत मेली. तुमाला ठावं होतं?'

'व्हय.'

'उतरा.'

मी उतरलो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. लाज वाटायच्या आधी हलकं वाटलं. संध्याकाळी शोभाचा फोन आला. 'दादा, त्यांना सांगायच्या आधी मला विचारायचं तरी होतंस. मला या घरात राहायचंय.' तिचं बरोबर होतं. लपवतानाही मीच ठरवलं, उघडं करतानाही मीच. तिला कधी विचारलं?

पुन्हा अर्ज केला तो दाजींनी. मला फोनवर दिवस सांगितला आणि म्हणाले, या. यावेळी पाव्हणं म्हणाले नाहीत. मंडळात त्या जुन्या बाई नव्हत्या, एक तरुण डॉक्टर होते. यावेळी शोभाला कुणी चालून दाखवा म्हटलं नाही. ती वॉकर धरून आली होती, तेवढं पुरलं. डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, तो ताप, तो लुळा पडलेला पाय, दाजींच्या देखत. त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं, आणि मग जुना निकाल चाळून विचारलं, 'तेव्हा तुम्ही नाही म्हणाला होतात?'

'हो.'

'का?'

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. शोभाकडं वळून सांगायला लागले. अशा पायाला विश्रांती हेच औषध असतं. आधीच दुबळे झालेले स्नायू उभं राहून राहून वापरत गेलं की ते खर्ची पडतात, आणि पडले की परत येत नाहीत. मधली ही वर्षं बसून काम मिळालं असतं तर पाय इतका गेला नसता. ते तिला समजावून सांगत होते, चांगल्या सुरात. मला बोलत नव्हते. शोभानं मान डोलावली आणि विचारलं, 'आता बसूनच राहायचं ना?' डॉक्टर म्हणाले, 'हो ताई, आता बसूनच.'

सर्टिफिकेट आलं. दाजींनी ते माझ्याकडं पाठवलं नाही, स्नेहलच्या फोनवर पाठवलं. तिनं मला दाखवलं आणि विचारलं, 'बाबा, आत्याचं इतकं जास्त कसं?' आता चाळीसच्या खूप वर आहे. कायमचं, असं लिहिलंय.

त्यातले काही टक्के तापाचे आहेत. ते ती अडीच वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर होते. वरचे सगळे मी केले.